विहीणबाईंचं बटन

कमलाबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सेलूच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी कुलरच्या भावावरून भांडत होतो. फोन ठेवला आणि तो मागेल त्या भावात कुलर देऊन टाकला. असं माझ्या हातून कधी होत नाही. कमलाबाई माझ्या सुनेची आई, हिंगणीच्या. काही महिने झाले, पण त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

राग सोयरिकीच्या बैठकीपासूनचा. दारोदार कुलरला लावायच्या वाळ्याच्या टट्ट्या विकत मी दुकान उभं केलं, सौद्यात मला कोणी हरवत नाही. त्या दिवशीही तयारीनं बसलो होतो. तर भरल्या बैठकीत या बाई म्हणाल्या, "मले एकच पाह्यजे, इवाई. तुमच्या घरच्या बोर्डावर ईएलसीबी लावा, मंगच पोरगी पाठवतो."

कुलरवाल्याच्या घरावर विजेची शंका! मी भडकलो. "काऊन? फ्यूज हाये ना आमच्या घरी!"

"तो तारेले वाचवते, माणसाले नाई. माह्या मालकाले कुठं वाचवलं त्यानं?"

त्यांचे यजमान ओल्या अंगणात कुलरला चिकटून गेले होते, हे मला तेव्हा कळलं. मग आवाज न चढवता त्यांनी भाजीच्या मळ्यातलं उदाहरण दिलं. "मोटरीतून निघालेलं पानी वाफ्यात पुरं नाई पोचलं, तं पाइप कुठीतरी फुटला समजा. हे करंटचं तसंच पाह्यते. गेला तेवढा वापस नाई आला, म्हणजे कोणाच्या तरी आंगातून जमिनीत चालला. मंग लगेच लाइन तोडते."

लावलं. चरफडत लावलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी अनवाणी उभा राहून चालू कुलरमध्ये पाणी भरत होतो. पत्रा उलट्या हातानं चाचपायचा आणि मुंग्या आल्या तर प्लग फिरवून लावायचा, ही आम्हा कुलरवाल्यांची जुनी खोड. हात लावला... जोराचा झटका, आणि त्याच क्षणी कुलर, पंखा, टीव्ही, सगळं गप्प. मी मात्र उभा! सूनबाई "बाबा!" असं ओरडत धावत आली. ती हाक मला होती की तिच्या वडिलांना, मी कधी विचारलं नाही.

साडी घेऊन हिंगणीला गेलो. "विहीणबाई, तुमच्यामुळं..." एवढंच बोललो.

"राहू द्या. ईएलसीबीवरचं टेस्टचं बटन दाबता का महिन्याले? का नुसतं शोभेले ठेवलं?"

आमच्याकडे आल्या की पाण्याच्या पेल्याआधी त्या बोर्डाकडे जायच्या. बटन दाबायच्या. खट्. घर बंद. "जित्तं हाये," म्हणायच्या आणि मग खटका वर करून चहाला बसायच्या. आभाराचं वाक्य मात्र एकदाही पुरं करू दिलं नाही. मागितलं लेकीसाठी, वाचलो मी, आणि वर मलाच गप्प बसवलं. राग येणार नाही तर काय!

आता महिन्याला बटन मी दाबतो. खट्. पंखा मंदावत मंदावत थांबतो, घर एकदम शांत होतं... त्या शांततेत मी म्हणतो, "तुमच्यामुळं वाचलो, विहीणबाई." मधेच तोडायला कोणी नसतं. तरी क्षणभर वाट पाहतो आणि मग खटका वर करतो.