न हुंगलेला मोगरा

आमच्या सोवळ्या काकू कधीही फूल हुंगत नसत. शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी दुबईतल्या बर दुबईच्या बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणला, की आम्ही बायका तो आधी नाकाला लावायचो आणि मग केसांत माळायचो. काकू मात्र तो लांब धरून म्हणायच्या, "देवाचा आहे, उष्टा होईल." स्वयंपाकाचंही तेच. नैवेद्य दाखवायच्या आधी भाजीचा वाससुद्धा घ्यायचा नाही, हे त्यांनी सगळ्यांना बजावलेलं होतं. म्हणून आम्ही त्यांना 'सोवळ्या काकू' हे नाव ठेवलं आणि त्यांनीही ते हसून चालवून घेतलं.

बाकी सोवळ्याचा पत्ता नव्हता. एकादशीला कांद्याची भजी तळायच्या, खालच्या मलबाऱ्याकडचा चहा मिटक्या मारत प्यायच्या. सोवळं फक्त नाकापुरतंच कसं, असं मी एकदा चेष्टेने विचारलं, तर त्यांनी विषय बदलला.

मिरजेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली होती. काका गेल्यावर मुलाने, मंदारने, त्यांना इकडे आणलं. मुलगा आणि सून पहाटेच दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचे ते अंधार पडल्यावर परतायचे. दिवसभर घरात काकू आणि त्यांचं स्वयंपाकघर. मी शेजारच्या फ्लॅटमध्ये बसून कंपनीचं काम करायची. माझ्याकडे मी आणि एसी, दोघंच. अकराच्या सुमारास काकूंच्या फोडणीचा वास दाराखालून यायचा आणि घरात कुणी आल्यासारखं वाटायचं.

महिन्यातला एखादा रविवार मी त्यांना अबूधाबीच्या म्युझियममध्ये न्यायची. तिथल्या बाकी भव्य गोष्टींकडे त्या ढुंकूनही बघत नसत. थेट जायच्या त्या एका दख्खनी लघुचित्रापाशी. चित्रात एक जुना सरदार गुलाब नाकाशी धरून उभा आहे. पलीकडच्या दालनात युरोपातलं चित्र होतं, पाच इंद्रियांच्या पाच बायकांचं. कानाची वाद्य वाजवणारी, डोळ्याची आरशात बघणारी आणि नाकाची, फूल घेतलेली. काकू म्हणायच्या, "दिसतं ते कुणीही काढेल गं. वास कसा काढायचा? या माणसाने गुलाब नाकाला टेकवलेला नाही बघ. मधे बोटभर जागा सोडलीय. वास त्या जागेत आहे." मग मास्तरणीच्या आवाजात विचारायच्या, "कसा येत असेल? सांग बरं." मला वाटायचं, परीक्षा घेताहेत. मी काहीतरी ठोकून द्यायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या.

एका संकष्टीच्या दुपारी कॉरिडॉरभर करपलेल्या दुधाचा वास पसरला. मी बेल वाजवली. काकूंनी हसत दार उघडलं. "ये. खीर होतेय, हलक्या आचेवर ठेवलीय." वास तर डोळ्यांत पाणी आणत होता. मी आत धावले आणि गॅस बंद केला. पातेल्याचा तळ कोळसा झाला होता. काकू ते बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

मग त्यांनी खरं ते सांगितलं. मिरजेला आलेल्या एका तापात त्यांना वास येणंच बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालंच नव्हतं. देवाचं नाव पुढे केलं की कुणी जास्त विचारत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

"मंदारला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "तो चांगला आहे गं, म्हणूनच भीती वाटते. मला खुर्चीत बसवून ठेवेल."

"काकू, आज दूध होतं. उद्या गॅस असेल. तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल."

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं. आणि मंदार खरंच चांगला निघाला. त्याने डबा लावला, शेगडीचं कनेक्शन काढलं. "आई, खलास. आता फक्त आराम," असं म्हणाला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. त्यानंतर अकरा वाजता दाराखालून काहीच येईना. काकू बाल्कनीतल्या खुर्चीत बसलेल्या दिसायच्या, समोर नुसते टॉवर. थोड्याच दिवसांत त्यांनी मिरजेला जायचं ठरवलं. भावजय एकटीच असते तिथे. "ती वास घेईल, मी ढवळीन," म्हणाल्या.

निघायच्या दिवशी मी गजरा घेऊन गेले. मंदार बॅगा घेऊन लिफ्टपाशी उभा होता. काकूंनी गजरा हातात घेतला आणि पहिल्यांदाच नाकाजवळ नेला. टेकवला नाही, बोटभर जागा सोडली. डोळे मिटून तशाच थांबल्या. मग तो माझ्या हातात परत दिला.

"हा देवाचा नाही. तू घे वास आणि मला सांग."

मला एरवी ठोकून द्यायला वेळ लागत नाही. त्या दिवशी शब्द सापडेनात. मी पुन्हा हुंगून बघितलं. "गोड आहे, काकू. पण साखरेसारखा नाही. देठाशी थोडा कडवट आहे. आणि गार आहे."

त्या बराच वेळ मान हलवत राहिल्या. "छान काढलंस," म्हणाल्या.

लिफ्ट खाली गेली. गजरा मी टेबलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत मोगऱ्याच्या वासाने घर भरून गेलं आणि तो कसा येतोय, हे विचारणारं तिथे कुणीच नव्हतं.