बॅटरीखालचे तीन आकडे

बाबांनी आंबे उतरवायच्या झेल्याच्या जाळीत मोबाईल ठेवला, काठी उभी केली आणि रेंज येते का ते बघत बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मंडणगडच्या आतल्या बाजूला आमचं गाव आहे. सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळाच्या माळावर, तेव्हा चार माणसं होती. चौघंही हसली. मीही किंचित हसलो. ते लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला, पण हसलो होतो हे खरं आहे.

तो फोन मीच घ्यायला लावला होता. मी रत्नागिरीत कॉलेजला होतो, होस्टेलवर राहत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा भेटायला आले तेव्हा मी त्यांना बाजारातल्या एका मोबाईलच्या दुकानात नेलं. जहाजावर काम करणाऱ्या कुणीतरी परदेशातून आणलेला हँडसेट दुकानदाराने दाखवला, बाबांचं कार्ड त्यात घातलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. रेंजच्या दांड्या पूर्ण भरलेल्या होत्या. तिथे अशीच रीत होती. दांड्या दिसल्या की गिऱ्हाईकाने मान हलवायची.

गावात एकही दांडी आली नाही. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचं कार्ड होतं, आणि त्याला त्याच सड्यावर तीन दांड्या मिळायच्या.

महिन्याभराने बाबा एवढा लांबचा एसटीचा प्रवास करून फोन परत द्यायला आले. दुकानात गर्दी होती. दुकानदाराने फोन हातात घेतला, पडदा सगळ्यांना दाखवला. दांड्या पुन्हा पूर्ण.

"काका, फोन ठणठणीत आहे. तुम्ही धरता कसा? नांगर धरल्यासारखा मुठीत आवळलात तर रेंज आत शिरणार कुठून?"

लोक हसले. बाबांनी फोन दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि खरोखरच विचारलं, "असा धरू काय?"

"हां, असा. आणि जरा उंचावर न्या."

म्हणून तो झेला. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा तो प्रकार सड्यावर पाहिला. उतरताना बाबा म्हणाले, "बाला, माजा हातच जड हाय रं. यंत्राला चालत नाय." लोक हसल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. दुकानदाराने सांगितलेलं त्यांना पटलं होतं. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. दुकानदाराने त्याच दुकानात, तशीच गर्दी असताना, बाबांना सांगावं की चूक तुमच्या हाताची नव्हती.

फोन मी रत्नागिरीला घेऊन आलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलनंतर, सर एकटे असताना, घाबरतच विचारलं. सर म्हणाले, "बॅटरी काढ. फोन कुठल्या लहरींवर चालतो ते बघ. बँड कुठले लिहिलेत?"

बॅटरीखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर तीन आकडे होते. ८५०, १८००, १९००.

"नऊशे नाही यात," सर म्हणाले. "साडेआठशे आणि एकोणीसशे अमेरिकेत चालतात. आपल्याकडे नऊशे आणि अठराशे. शहरात तुझ्या कंपनीचे दोन्ही असतील. गावाकडे बहुतेक नुसता नऊशे."

नुसत्या 'बहुतेक'वर मला दुकानदाराशी भांडता आलं नसतं. खोलीतल्या मित्राच्या हँडसेटमध्ये तपासणीचा एक लपवलेला पडदा चालू केलेला होता. टॉवरचा चॅनेल नंबर त्यात दिसायचा. नंबर एकशे चोवीसपर्यंत असेल तर नऊशे, पाचशे बाराच्या पुढे असेल तर अठराशे, असं सरांनी लिहून दिलं होतं. बाबांचं कार्ड त्यात घालून मी पुन्हा गावी गेलो. सड्यावर सदतीस आला. सगळीकडे फिरलो, पाचशेच्या वरचा आकडा कुठेच आला नाही. मला इतका आनंद झाला की तो चांगला आनंद नव्हता हे मला तेव्हाच कळलं.

दुकानात गेलो तेव्हा मिरकरवाड्यातले एक तांडेल, ट्रॉलर चालवणारे, तावातावाने बोलत होते. बंदराबाहेर पडलं की फोन मरतो, अशी त्यांची तक्रार होती.

"चाचा, समुद्रात टॉवर काय मासे लावणार?" दुकानदार म्हणाला. पुन्हा तेच हसू.

मी अडखळत म्हणालो, "चाचा, बॅटरी काढून बघता का?" तेच तीन आकडे होते.

"कॉलेजात जातोस ना? मग तिथे शिक. इथे धंदा आहे," दुकानदार माझ्याकडे न बघता म्हणाला.

बाहेर आल्यावर मित्राचा हँडसेट चाचांना दिला. "तुमचं कार्ड यात घाला. एक फेरी मारून बघा."

बंदराबाहेरही दांड्या बघून चाचा परतले ते थेट माशांच्या लिलावात उभे राहून ओरडले, "त्या मोबाईलवाल्याकडून ज्याने ज्याने फोन घेतलाय त्याने त्याची पाठ उघडा! नऊशे नसेल तर फसलात!" सुरमईची बोली थांबली आणि लोक ओल्या हातांनी फोन उघडू लागले. मी कडेला उभा राहून ते सगळे शिव्याशाप ऐकले. घाई नव्हती मला.

दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस खलाशी दुकानात शिरले, त्यांच्यामागून चाचा आणि मी. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला काय, हँडसेट बदलून हवा ना? घे." मी म्हटलं, "तो द्याच. पण बाबा येतील तेव्हा इथेच, सगळ्यांसमोर, त्यांना सांगा." चाचा म्हणाले, "सांगेल. मी असेन तेव्हा."

बाबा आले. चाचा दारात उभे होते. दुकानदार खाली बघून म्हणाला, "काका, हँडसेटच चुकीचा होता. तुमच्या हातात खोट नव्हती."

"ऱ्हाव द्या वो शेट," बाबाच ओशाळले. त्यांनी त्याचा चहासुद्धा घेतला. मी घेतला नाही.

नव्या फोनला गावात तीन दांड्या येतात. तरी बाबा तो अजून दोन बोटांत धरतात, कानापासून लांब, उंच, आणि माझं अर्धं बोलणं त्यांना ऐकू येत नाही.

"बाबा, मुठीत धरा."

"नको रं, रेंज जाल."

म्हणून मी थांबलो नाही. नवे विद्यार्थी आले की दर वर्षी होस्टेलच्या फळ्यावर मी लिहायचो, फोन घेण्याआधी बॅटरी काढून कुठले आकडे बघायचे आणि कुठल्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं. इथे ते लिहीत नाही, एवढीच सूट.