जिजीचं बोलणं कापलं

कालपासून बदाम पाठवताय सगळे. 'वा आजी', 'काय गोड गाणं आजी'... आणि त्या गाण्यातून एक आख्खी बाई कापलेली आहे, ते एकालाही कळलं नाही. कान कशाला दिलेत, डूल घालायला?

राम राम. आता नीट वाचा.

परवा शहाद्यात आमच्या घरी नात तेजूने जुनी कॅसेट कॉम्प्युटरमध्ये भरली. तिच्या आत्याच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या हळदीची. टेपला वायर लावून कॉम्प्युटरला जोडली आणि बसलो दोघी... एका बाजूला पाऊण तास. कॅसेट काही घाई करत नाही.

येत्या सोमवारी तेजूचीच हळद आहे. ही गाणी मोठ्या स्पीकरवर लावायची तिची हौस. फाईल इतकी मोठी झाली की फोनवर जाईना, म्हणून तिने एमपीथ्री केली, मधली खरखर काढली आणि ग्रुपवर टाकली. तीच तुम्ही ऐकलीत.

मी ऐकली आणि विचारलं, "जिजी कोठे गई?"

"आजी, मधमा कोनी बाई बोली ऱ्हायनी व्हती. गानं खराब व्हई ऱ्हायनं व्हतं. मी काढी टाकं ते."

कोणी बाई... अगं, जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. गळा फुटक्या मडक्यासारखा, म्हणून ती गात नसे. पण गाणी सगळी तिच्याच डोक्यात. ती ओळ नुसती बोलायची आणि आम्ही दहाजणी उचलायचो. इतकी वर्षं हळदीला गायले, पण मला एकही गाणं पाठ नाही. ती बोलली की तोंडात यायचं. ती गेली तशी गाणीही गेली.

तेजूचा चेहरा उतरला. पण पोरीने मूळची मोठी फाईल पुसली नव्हती. ती लावली... आणि जिजी माझ्यावरच ओरडली. "तुले काय येस? मी सांगस तशी म्हन. पुढे नको पयू." मला तेव्हा पुढे पळायची घाई.

आता घरात मीच सगळ्यांना बोलते. मला बोलणारं कोणी उरलं नाही. बरं वाटलं ऐकून.

मामाचं कडवं झालं, काकूचं झालं. नवरीच्या आईच्या कडव्याला जिजीने तोंड उघडलं, तोच खट्... कॅसेटची बाजू संपली. तेव्हा कोणी ती उलटून लावेपर्यंत गाणं आटोपलेलं, दुसऱ्या बाजूला नुसत्या बाया हसतायत.

तेव्हा नवरीची आई मीच. पण माझं लक्ष चुलीवरच्या वरणाकडे. आता सोमवारी तेच कडवं माझ्या सुनेसाठी म्हणायचं आहे आणि मला त्यातला पहिला शब्दही येत नाही. तेजू म्हणते, तेवढं सोडून देऊ. साऱ्या गोताची कडवी म्हणायची आणि जिची लेक चालली तिचंच गाळायचं? मी असेपर्यंत नाही.

जिजीचं माहेर प्रकाशा. ही गाणी तिने तिथूनच आणली. तिची धाकटी बहीण कमल अजून तिथे आहे.

कमल, उत्तर तूच द्यायचं. बाकीच्यांनी इंटरनेटवरून शोधून इथे काही चिकटवू नये. सुनेला फोन धरायला सांग, रविवारच्या आत पाठव. आणि गाऊ नकोस. जिजीसारखं नुसतं बोल... उचलायला आम्ही आहोत.