वाणात गेलेली केशर

१५ जानेवारी २००६, रविवार. हळदीकुंकू असलं की सकाळी घरातल्या बाईला जी कामं असतात, तीच मलाही होती: तिळगूळ वळणं, बैठकीची खोली आवरणं आणि गॅरेजमधल्या सापांची घरं धुणं.

साप दोन. केशर ही मादी आणि बंड्या हा नर. जातीने कॉर्न स्नेक, रंगाने नारिंगी आणि पूर्णपणे बिनविषारी. (हा शब्द मला त्या दिवशी किती वेळा उच्चारावा लागणार आहे, याची सकाळी कल्पना नव्हती.) माझी मुलगी मुग्धा ओहायोला कॉलेजात गेली. तिथल्या हॉस्टेलात साप चालत नाहीत, म्हणून ते इथे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला, माझ्या गळ्यात पडले.

सापांना अंडी घालायला लावायची, तर आधी त्यांना हिवाळा द्यावा लागतो. दोन-अडीच महिने उपाशी, अंधारात, पंचावन्न डिग्री फॅरनहाइटच्या आसपास झोपवून ठेवायचं. मग वसंतात जागं केलं, की त्यांच्या मनात संसाराचे विचार येतात. मध्येच ऊब लागली तर झोप मोडते आणि संसार बोंबलतो. केशर वयात येईपर्यंत मुग्धा तीन वर्षं थांबली होती. हा त्यांचा पहिला हिवाळा.

"आई, तुला नक्की जमेल ना?" तिने चारचारदा विचारलं होतं.

"मी तुला वाढवलंय," मी म्हटलं होतं. "त्यांना नुसतं थंड ठेवायचंय. त्यात काय एवढं?"

तर त्या सकाळी त्यांची मोठी घरं धुवायची म्हणून मी दोघांना तात्पुरतं लहान डब्यांत हलवलं. पांढरे, घट्ट झाकणाचे, झाकणाला बारीक भोकं पाडलेले डबे. शेजारच्या फळीवर वाणाचे डबे रचलेले होते. तेही पांढरे, त्याच दुकानातले, कारण डझनावर घेतले की स्वस्त पडत होते. प्रत्येकात अर्धा किलो कोल्हापुरी गूळ. घरात जागा नव्हती म्हणून तेही गॅरेजमध्येच.

तेवढ्यात बेल वाजली. नलिनीकाकू दारात उभ्या! कार्यक्रम तीनला, आणि अजून एकही वाजला नव्हता. काकू पुण्याच्या, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या, सहा महिन्यांसाठी मुलाकडे प्लेन्सबरोला आलेल्या. मुलाला पुढे कुठे तरी जायचं होतं, म्हणून तो त्यांना लवकर सोडून गेला.

"तुझं चालू दे हो," काकू कोट काढत म्हणाल्या. "मी फक्त बघते."

गणिताच्या बाई फक्त बघत असताना काम करणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. मी हातातली फडकी टाकली आणि लाडू वळायला धावले. साप डब्यातच राहिले.

हळदीकुंकू झकास झालं. बायका आल्या, उखाणे झाले, बटाटेवडे संपत आले. मी दर वेळी गॅरेजमध्ये जाऊन दोन-दोन डबे आणत होते, वर तिळगुळाची पुडी ठेवून वाण देत होते. काकू शेवटपर्यंत थांबल्या. त्यांच्यासाठी डबा आणला, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, वाकून नमस्कारही केला.

"भरलेलं वाण दिलंस," काकू डबा हातात तोलत म्हणाल्या. "हल्ली कोण देतं?"

सगळं आवरून मी गॅरेजमध्ये गेले. बंड्या त्याच्या डब्यात वेटोळं घालून झोपला होता. केशरचा समजून शेजारचा डबा उघडला, तर आत अर्धा किलो गूळ.

मी नवऱ्याला हाक मारली. "सुधीर, केशर वाणात गेली."

तो उरलेला वडा खात होता. त्याने शांतपणे वडा खाली ठेवला. "कुणाच्या?"

शेवटचा डबा हातात तोलणाऱ्या काकू आठवल्या. मी फोन लावला.

"काकू, तो डबा उघडलात का हो?"

"नाही गं. गूळ अगदी दगड झालाय, आतून हलतसुद्धा नाही. हीटरच्या जाळीवर ठेवलाय, जरा मऊ होऊ दे म्हटलं."

महिना-दीड महिना जपलेली थंडी त्या जाळीवर वितळत होती.

"काकू, आधी तो खाली काढा. त्याला... मुंग्या लागल्यात."

"मुंग्या? जानेवारीत? न्यू जर्सीत?"

"मी येतेच बदलायला. तुम्ही उघडू नका फक्त."

"अगं, उघडल्याशिवाय मुंग्या कळणार कशा?" झाकण टक्कन निघालं. मग काकूंचा आवाज, थोडा हळू: "शुभा, गूळ हलतोय."

दहा मिनिटांचा रस्ता सुधीरने सहा मिनिटांत कापला. काकूंच्या मुलाने, मिलिंदने, दार उघडलं आणि तो पळत जाऊन पुन्हा सोफ्यावर चढला. हा एका बँकेच्या अख्ख्या सिस्टिम्स सांभाळणारा माणूस. काकू मात्र खाली खुर्चीत बसल्या होत्या. डबा त्यांनी जाळीवरून काढला होता, आणि झाकणावर पोळपाट ठेवला होता.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझा गूळ उठलाय."

मी पोळपाट काढला, झाकण उचललं. केशरने मान वर केली, जीभ काढून दिवाणखान्याची चौकशी केली, आणि सगळ्यात उबदार जागा म्हणून सरळ माझ्या कोटाच्या बाहीत शिरली.

"बिनविषारी आहे," मी म्हटलं. मग मिलिंदकडे बघून पुन्हा म्हटलं.

"बिनविषारी आहे, ऐकलंस ना?" काकूंनी मुलाला विचारलं. "मग उतर खाली. सोफा बसायला असतो."

परतताना केशरला आणखी ऊब लागू नये म्हणून आम्ही गाडीचा हीटर बंद केला आणि काचा उघड्या ठेवल्या. माझ्या दंडावर साप आणि सुधीरच्या डोक्यावर माझी शाल. एका सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई आमच्याकडे बघत होती. मी हात हलवला. बाहीतून शेपटीही हलली. बाईंनी लाल सिग्नल असूनही गाडी जरा पुढे घेतली.

घरी येऊन मुग्धाला फोन केला. मला वाटलं, रडेल.

"आई, कूल डाउन," ती म्हणाली. "तुला नाही, तिला. पण हळूहळू, एकदम गॅरेजमध्ये टाकू नकोस. खायला काही देऊ नकोस. झोपली तर इट्स फाइन. नाही झोपली तर धिस इयर इज गॉन." मग म्हणाली, "तू तिला गिफ्ट दिलंस?"

"वाण," मी म्हटलं. निदान तिचे शब्द तरी बरोबर असावेत.

सगळ्या घरात हळूहळू थंड करता येईल अशी एकच खोली होती: आमची झोपायची. तिथला हीटर बंद केला. सुधीर कानटोपी आणि दोन स्वेटर घालून झोपला. झोपताना एवढंच म्हणाला, "पिल्लं झाली तर त्यांना सांगेन, तुमच्यासाठी काय काय केलं."

सकाळी मी आधी डब्यात डोकावले. केशर घट्ट वेटोळं घालून गाढ झोपली होती. तिला गॅरेजमधल्या तिच्या घरात ठेवलं, मुग्धाला तसं कळवलं आणि काकूंचा खराखुरा गूळ घेऊन प्लेन्सबरोला गेले.

काकूंनी डबा घेतला, माझ्यादेखत हीटरच्या जाळीवर ठेवला आणि दोन खुर्च्या ओढल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "हा उठतो का बघू."

मी चांगली शिकलीसवरलेली बाई. तो डबा मी स्वतःच्या हाताने भरला होता, त्यात गूळच आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी वीस मिनिटं मी झाकणावरून नजर काढली नाही.