काचेच्या मध्यापर्यंत तेल

आमच्या राजापेठेतल्या गल्लीत माझं तोंड प्रसिद्ध आहे. दुधात पाणी घालणारा असो, गेटसमोर गाडी लावणारा असो, की क्लास सुटल्यावर आमच्या ओट्यावर ठिय्या देणारी पोरं असोत, माझ्या तडाख्यातून कोणी सुटत नाही. पण जवाई समोर आला की हीच जीभ टाळूला चिकटते. आमच्याकडं जवायाला ‘नाही’ म्हणायची रीतच नाही. त्यातून धोंड्याचा महिना असला, तर विचारूच नका.

यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात जे झालं ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

मी पुरण विकते. अधिकाचा महिना आला की घरोघरी जवाई जेवायला येतात, त्यांच्यासाठी पुरणाचे धोंडे होतात, आणि डाळ शिजवून घोटत बसायला आता कोणाला वेळ नसतो. म्हणून लोक माझ्याकडं येतात. माझ्याकडं पुरण हलवायची मशीन आहे. खाली मोठी कढई, तिच्या बरोबर वर मोटर आणि गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्समधून खाली कढईत उतरलेला दांडा, त्याला पाती. गिअरबॉक्सच्या अंगाला एक गोल काच आहे. आतलं तेल त्या काचेच्या मध्यापर्यंत पाहिजे, वर नाही. मशीन बसवून देणाऱ्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दूध उतू जाऊ नये म्हणून आपण पातेलं काठोकाठ भरत नाही, तसंच हे. आतली दातेरी चाकं फिरली की तेल तापतं, फेसाळतं, त्याला जागा लागते. जागा नाही मिळाली तर ते दांड्यावरून खाली उतरतं, आणि खाली तर पुरण. तेलही खायच्या वस्तूच्या मशीनचं वेगळं येतं, पांढरं, बिनवासाचं. त्याचा डबा मी देवघराखालच्या कपाटात ठेवते. हे सगळं मला पाठ आहे. कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन.

जवाई अकोल्याचा. तिथं त्याचं ट्रॅक्टरचं वर्कशॉप आहे. माणूस सोन्यासारखा, पण हात स्वस्थ बसत नाहीत. आदल्या संध्याकाळी लेकीला घेऊन आला, सकाळी आम्ही दिलेला नवा शर्ट घालून खुर्चीवर बसला. मी कढईत पहिला घाणा टाकायच्या तयारीत होते. मशीन रिकामी फिरवून पाहिली तर त्याचे कान टवकारले. म्हणाला, मशीन कण्हून राहिली. उठून त्यानं काचेत डोकावलं.

“आई, अर्धंच तेल? एवढी काटकसर काऊन करता?”

काटकसर हा शब्द मला लागला. जवायासमोर आपण चिक्कू ठरलो, हेच डोक्यात राहिलं. तोवर तो गाडीतून ट्रॅक्टरच्या गिअर तेलाचा डबा घेऊन आला, झाकण उघडलं आणि ओतायला लागला. तेल काचेच्या मध्यावर आलं, मध्याच्या वर गेलं, काच पूर्ण भरली. मी पाहत होते. ‘थांबा’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी काय म्हणाले? म्हणाले, “राहू द्या ना जवाईबापू, हात खराब होतात.”

हात खराब होतात म्हणे. बाई, तुझ्या अकलेचं दिवाळं निघालं होतं का?

पुरण छान फिरत होतं. वेलची-जायफळ टाकलं, वास सुटला, आणि त्या वासातून दुसरा एक वास आला. गिअर तेलाचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. लेकीलाही आला. आम्ही दोघींनी मशीन बंद करून दांड्यापाशी पाहिलं, काळसर ओघळ पार पुरणापर्यंत गेला होता. लेक पांढरीफटक पडली. ती कानाशी येऊन म्हणाली, आई, त्यांना कळू देऊ नको, त्यांना फार लागंन. मलाही तेच वाटत होतं. सगळं पुरण पोत्यात भरून टाकून दिलं आणि ठरवलं, विचारलं तर सांगायचं, डाळ बुडाला लागली.

मग लोक यायला लागले. डाळ लागली, डाळ लागली, म्हणत मी प्रत्येकाला रिकाम्या हातानं परत पाठवत होते. इतकी वर्षं ज्या डाळीवर मी नाव कमावलं, तीच माझ्या तोंडानं करपवत होते. जवाई खुर्चीवर बसून ऐकत होता. नाकानं तो ट्रॅक्टरवाला, त्याला वास आला नसेल असं मी कसं धरून चालले, देव जाणे.

शेवटी भातकुलीहून एक बाई आल्या. एसटीनं आल्या होत्या, हातात स्टीलचा डबा. दरवर्षी येतात. पुरण नाही म्हटल्यावर त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, जवाई घरी येऊन बसला असन, पाट मांडून ठेवला, आता त्याच्या ताटात काय वाढू? तुमचं लक्ष कुठं होतं? ज्या गल्लीत मी सगळ्यांना जाब विचारते, त्याच गल्लीत त्या मला विचारत होत्या, आणि मी मान खाली घालून म्हणत होते, चुकलं बाई, डाळ लागली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जवाई उठून पुढं आला.

“डाळ नाही लागली, मावशी. मशीनीत मी तेल जास्त टाकलं, तेही ट्रॅक्टरचं. ते पुरणात उतरलं. आई मले झाकून राहिल्या.”

बाई त्याच्या नव्या शर्टाकडं पाहत राहिल्या. मग डबा उचलून निघून गेल्या. त्या डब्यात त्यांनी दुसरीकडून काही नेलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तो माझ्याकडं वळला. रागावलेला नव्हता, तेच जास्त झोंबलं.

“आई, तुमी तेव्हाच काऊन नाही म्हटलं? म्हटलं असतं तर थांबलो असतो ना मी. मी काय परका आहो?”

ज्याला मी पाटावर बसवत होते, चांदीच्या वाटीत वाढत होते, त्याला साधं ‘थांबा’ म्हणण्याइतकं घरचं मानलं नव्हतं. लाजेनं मी स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाही. पुरणवालीच्या घरी त्या दिवशी जवायाला खोबऱ्या-गुळाचे धोंडे वाढले.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा शर्ट काढून नुसत्या बनियनवर बसून मशीनमधलं सगळं तेल काढून टाकलं, आतून धुतलं, कपाटातला माझा डबा मागितला आणि हळूहळू ओतायला लागला. मी शेजारी उभी होते. तेल काचेच्या मध्यावर आलं. मग एक बोट वर गेलं.

“थोडं काढा,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की माझी मलाच लाज वाटली.

त्यानं वर न पाहता म्हटलं, “आई, ऐकू नाही आलं.”

मग मी पुन्हा म्हटलं, गल्लीत बोलते तशा आवाजात, आणि त्यानं काढलं.