दादाच्या हातावरचा आळ

आमचे भावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर, लिफ्ट दुरुस्त करतात. कुणाच्याही घरी गेले की घरची माणसं राहिली बाजूला, आधी लिफ्टच्या दाराला कान लावून उभे राहतील. आमच्याकडे लिफ्ट नाही, म्हणून फ्रिजला कान लावतात. मी म्हणते, "अहो, आधी मी कशी आहे ते तरी विचारा!" तर म्हणतात, "वहिनी, तुमचा आवाज खाली रस्त्यापर्यंत येतो. त्यावरून कळतं, सगळं ठणठणीत आहे." आता अशा माणसाला काय बोलायचं?

चोपन्नाव्या वर्षी हे गृहस्थ पायथन शिकले. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. नव्या लिफ्टमध्ये कॉम्प्युटर आले म्हणून कंपनीनं दोन आठवडे वर्गाला पाठवलं. अर्धं तिथं शिकले आणि उरलेलं अर्धं आमच्या वरच्या खोलीत, त्यांच्या दादाच्या आगगाडीवर.

दादा म्हणजे आमचे हे. जन्मभर ड्राफ्ट्समन होते, इमारतींचे नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर दोन टेबलं जोडून त्यांनी छोटी रेल्वे उभी केली. खेळण्यातली म्हटलेलं खपत नाही हो त्यांना, छोटी म्हणायचं. तीन स्टेशनं, एक बोगदा आणि गाडीचा रूळ बदलणारे चार सांधे. सगळा कारभार कॉम्प्युटरवरून. पडद्यावरच्या सांध्यावर माउस दाबला की टेबलावरचा सांधा खटकन सरकतो.

मागच्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं महिनाभरात परत आलं, पाय चालायला लागला, उजवा हात मात्र हट्टाला पेटला. थरथरतो, आणि एकदा दाबायचं तिथं दोनदा दाबतो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्या हाताला आवडीचं काहीतरी काम द्या. नुसता चेंडू दाबून माणूस कंटाळतो." आवडीचं काम आमच्याकडे एकच. भावोजींनी लगेच नवी स्क्रिप्ट लिहून आणली. गाडीनं कधी काय करायचं हे त्यात एकाखाली एक लिहिलेलं असतं. आता गाडी आपली आपण चालायची, स्टेशनात थांबायची, पुन्हा निघायची. यांनी फक्त सांधे बदलायचे.

पहिल्या दिवसापासून घोटाळा. गाडी स्टेशनात शिरली की पडदा गोठायचा. हे माउस दाबायचे, मी दाबायची, पण तो ढिम्म! मग एकाएकी सगळे सांधे खटाखट नाचायचे, गाडी रुळांवरून घसरायची आणि करंटच बंद व्हायचा. की कॉम्प्युटर बंद करा, पुन्हा चालू करा. भावोजींनी त्यात तीन रविवार घातले. वायरी बदलल्या, माउस बदलला, स्वतःचा लॅपटॉप आणून जोडला. "माझ्या घरी दोन फूट रुळावर तासभर फिरते हो वहिनी, एक तक्रार नाही!"

"मग आम्हीच येतो तुमच्या घरी राहायला," मी म्हटलं.

तिसऱ्या रविवारी हे म्हणाले, "उगाच शोधतोयस तू. माझ्याच हातानं होतंय ते. नको तेव्हा दाबला जातो." आणि रुळांवर चादर घातली. जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन केला, शनिवारी येऊन सगळं घेऊन जा म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून तो हात जो खिशात गेला, तो बाहेरच येईना. चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं. व्यायामाच्या बाई आल्या तर बरं वाटत नाही म्हणून आत जाऊन झोपले. मला धडकीच भरली. रेल्वे गेली तर जाऊ दे, पण तिच्यामागून हातही जाणार हे मला दिसत होतं.

मी भावोजींना फोन करून चांगलं फैलावर घेतलं. "तीस वर्षं माणसं वरखाली करताय आणि एवढीशी गाडी तुम्हाला चालवता येत नाही?"

शुक्रवारी सकाळी रजा टाकून हजर. चादर काढली, गाडी सुरू केली. हे खिडकीशी खुर्ची ओढून पाठ करून बसले. गाडी पहिल्या स्टेशनात शिरली, पडदा गोठला, आणि मी सवयीनं माउस दोनदा दाबला.

"वहिनी, हात मागे!" भावोजी केवढ्यानं ओरडले. मग एकदम थबकले. "लोक लिफ्टचं बटण असंच दाबत बसतात. दहादा दाबलं की लवकर येते असं वाटतं त्यांना."

"मग काय करायचं?"

"काही नाही. हात बांधून बघायचं."

मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. आम्ही दोघं शिक्षा झाल्यासारखे उभे. काहीही न करता उभं राहणं किती कठीण असतं! बरोबर वीस सेकंदांनी पडदा जागा झाला, गाडी निघाली, आणि माझ्या मघाच्या दोन दाबण्यांनी सांधा एकदा इकडे, एकदा तिकडे सरकला. पुढच्या स्टेशनात आम्ही हात लावला नाही. वीस सेकंद, आणि गाडी सुरळीत पुढे. तिसऱ्यातही तेच.

"अहो, म्हणजे हातानं नाहीच होत!" मला नाचावंसं वाटलं.

भावोजी मात्र हसले नाहीत. लॅपटॉप उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "गाडी चालवायला आणि पडदा सांभाळायला आत एकच माणूस आहे असं समजा. मी त्याला सांगितलं, स्टेशन आलं की वीस सेकंद डोळे मिटून उभा राहा. तेवढ्यात तुम्ही दाबलेलं सगळं साठत जातं. डोळे उघडले की तो ते एकदम उरकून टाकतो. घरी मी नुसता बघत बसायचो, दाबायचोच नाही काही. कळणार कसं?"

"पण वीस सेकंद घातले कशाला एवढे?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "दादाची धांदल होऊ नये म्हणून. त्याला हात जागेवर न्यायला वेळ लागतो. जेवताना मोजलं होतं मी, ताटापासून तोंडापर्यंत."

एवढी माया, आणि तिनंच माझ्या माणसाचा हात खिशात घातला!

स्क्रिप्ट दुरुस्त करायला अर्धा तास लागला. थांबण्याचं काम आता आतल्याच दुसऱ्या एका माणसाकडे दिलं, म्हणजे पडदा सांभाळणारा मोकळा राहिला. गाडी उभी असतानाही सांधे मुकाट ऐकायला लागले. पण भावोजी जागचे हलेनात. "वायर सैल होती म्हणून सांगू का?" मला विचारतात!

"सांगा की. पुन्हा या घरात चहा मागू नका मात्र."

शेवटी गेले खिडकीशी. सगळं सांगितलं, जेवतानाच्या मोजमापासकट. यांनी ऐकून घेतलं. खुर्ची वळवली. खिशातला हात बाहेर आला, थरथरत होता, आणि त्याच हाताचं बोट भावोजींवर रोखून हे कडाडले, "गाढवा! तीन आठवडे माझ्या हातावर आळ घेऊन बसलोय मी! आणि माझे घास मोजतोस? तोंड नाही तुला? दादा, किती वेळ लागतो रे, असं विचारलं असतंस तर जीभ झडली असती? घोडा झालास एवढा, अक्कल कधी येणार?"

झटका आल्यापासून हे कुणावर रागावलेच नव्हते. आम्हीही त्यांच्याशी दबक्या आवाजात बोलायचो, पाहुण्याशी बोलतात तसं. आता थांबायचं नाव नाही. भावोजी मान खाली घालून उभे. दम लागला तेव्हा हे म्हणाले, "वीस नको, सात कर. जमेल मला. आणि त्या विज्ञानाच्या बाईंना म्हणावं, या, पण नुसतं बघायला या."

भावोजी पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्यामागे खाली स्वयंपाकघरात आले. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू.

"वहिनी, ऐकलंत? दादा ओरडला माझ्यावर!"

"अख्ख्या गल्लीनं ऐकलं," मी म्हटलं, आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

वरून पुन्हा आरोळी आली, "मेलास का तिकडे?" आणि सत्तावन्न वर्षांचा तो माणूस पाणी तसंच टाकून, दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला.