अंगठ्यानंतरची सही

तहसील कचेरीच्या फाटकाशी माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत, तरी लोक मला वकीलसाहेब म्हणतात आणि मी त्यांना दुरुस्त करीत नाही, कारण शब्दांचा माझा अभ्यास पुष्कळ वकिलांहून जुना आहे.

उदाहरणार्थ, 'सही'. शेजारी उर्दू अर्ज लिहिणारे चाचा बसतात; त्यांच्याकडून मी या शब्दाचे मूळ मिळवले. अरबीत 'सहीह' म्हणजे निरोगी, धडधाकट, खोट नसलेले. दखनीत, हिंदीत त्याचे 'बरोबर' झाले. मजकूर बरोबर असल्याची खूण म्हणून तो दफ्तरी कागदांच्या तळाशी बसला आणि आपण मराठी माणसांनी त्या खुणेलाच सही म्हटले. पुंडलिकनगरातील कॉलेजची पोरे तर आता चहालाही 'एकदम सही' म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात शेंद्र्याच्या एक मावशी आल्या. यजमान वारले होते. घर स्वतःच्या नावावर करून घ्यायचे होते. अर्ज लिहून होताच मी सवयीने त्यांचा डावा अंगठा धरून शाईच्या गादीकडे नेला. त्यांनी हात सोडवून घेतला.

"अंगठा नाय द्यायचा आता. नातीनं शिकवलंय. मला सही येती."

सही करून त्या आत गेल्या आणि तोच कागद घेऊन परतल्या. जुन्या सर्व कागदांवर अंगठा आहे, तेव्हा अंगठाच लागेल, असे लिपिकाने सांगितले होते.

"द्या ती गादी," त्या खाली बघत म्हणाल्या. "म्हातारीला कशाला पायजे असली हौस."

मी गादीचे झाकण लावले. नवा अर्ज लिहिला आणि त्यात एक वाक्य घातले : 'अर्जदार पूर्वी अंगठा करीत असे, आता स्वाक्षरी करते, दोन्ही तिचीच.' खाली ओळख देणारा म्हणून माझी सही, तिच्याखाली चाचांची, उर्दूत. मग तिघेही आत गेलो. मी लिपिकास 'सहीह'पासून समजावू लागलो. ते राहू द्या, म्हणाला. परंतु ते वाक्य त्याने दोनदा वाचले.

"करा मग माझ्यासमोर."

मागची रांग खोळंबली. मावशींनी एकेक अक्षर कोरून ठेवले. लिपिकाने कागद ओढण्यास हात पुढे केला.

"थांबा सायेब. वरची रेघ राहिली."

ती त्यांनी एका दमात ओढली, पार कागदाच्या कडेपर्यंत. लिपिकाने पोचेचा शिक्का मारला. रेघेला धक्का लागणार नाही असा, जरा खाली.